फ्युएल पंप बदलला, नट पण बसला, तरी पेट्रोलचा वास येतोच

गाडी मित्राची. जुनी, युरोपियन बनावटीची, मल्टिपॉइंट इंजेक्शनवाली, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर. पंप टाकीच्या आत नाही, टाकीच्या पुढे खालून चॅसिसला रबरी पट्ट्यांत टांगलेला. तक्रारी दोन. गाडी बंद करून उभी केली की मागच्या बाजूला पेट्रोलचा वास, आणि पंप किंचाळतो, टाकी अर्ध्याच्या खाली गेली की तर जास्तच. पंप आधी एका गॅरेजमध्ये बदलून झालेला होता, मूळ मॉडेलचा मिळेना म्हणून जवळपासच्या क्षमतेचा दुसरा लावलेला, आणि तोही आता शेवटच्या घटका मोजत होता. मित्राने नवीन पंप मागवून ठेवला होता आणि त्याच्या मते काम म्हणजे चार बोल्ट, दोन पाईप, तासाभराचा मामला.

खरं सांगायचं तर पंप बदलणं हे खरंच तासाभराचं काम आहे. वेळ जातो तो फिटिंगमध्ये. कारण मूळचा पंप सोडून दुसरा कुठलाही घेतला की त्याच्या तोंडाचे आटे आणि गाडीच्या पाईपचे आटे जुळतीलच असं नाही, आणि बाजारात दिसायला सारखी, मापाला जवळजवळ सारखी, पण एकमेकांशी अजिबात न जमणारी फिटिंग्ज भरपूर. "जवळजवळ" हाच सगळा घोळ आहे.

उघडण्याआधीचं थोडक्यात, कारण हे सोडून पुढे जाणाऱ्यांना मी गाडीखाली जाऊ देत नाही. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू ठेवायचं, ते आपोआप बंद पडेल, मग एकदोनदा स्टार्टर मारायचा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची. तरीही लाईनमध्ये थोडं प्रेशर उरतं कारण पंपाच्या आउटलेटला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे येऊ न देणारा, असतो, त्याचं कामच ते आहे, म्हणून पहिला नट सोडताना वर जाड फडकं आणि डोळ्याला गॉगल. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली साधारण ४० अंश आहे, म्हणजे कितीही थंडी असो वाफ पेट घ्यायला तयारच असते, तेव्हा तारेचा बल्ब घेऊन खाली जायचं नाही, एलईडी टॉर्च घ्यायचा, आणि अग्निशामक हाताशी. टाकी जितकी रिकामी तितकं बरं.

आता आउटलेट. आधीच्या कारागिराने पंपाच्या तोंडाला ॲल्युमिनियमचं निळं ॲडॅप्टर लावलेलं, रेसिंगच्या गाड्यांत दिसतं तसलं, आणि त्याच्यावर गाडीच्या मूळ स्टीलच्या पाईपचा नट ओढून बसवलेला. नटाच्या कडेतून पांढरी टेफ्लॉन टेप बाहेर आलेली आणि तिच्यावर कसलंतरी लाल सीलंट. हे बघितल्या बघितल्याच कळलं की इथे काहीतरी जमत नव्हतं आणि ते टेपने जमवलंय. नट सोडला तर पहिला पाव फेरा कडक, मग करकर, आणि नटाच्या आतून ॲल्युमिनियमची चकचकीत तारेसारखी पात निघाली. म्हणजे स्टीलच्या नटाने मऊ ॲल्युमिनियमवर स्वतःचे आटे कापले होते. नट बसला होता हे खरंच, पण कापून बसला होता.

व्हर्नियर लावला. ॲडॅप्टरच्या शाबूत राहिलेल्या आट्यांचा बाहेरचा व्यास १४.२ च्या वर. ही खूण ओळखीची आहे. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलीमीटर, इंचाला १८ आटे, म्हणजे रेसिंगवाले ज्याला डॅश सिक्स म्हणतात ते. आणि पाईपचा नट? आतले आटे व्हर्नियरने नीट मापता येत नाहीत, म्हणून ओळखीचा बोल्ट घालून बघायचा. बऱ्याच युरोपियन गाड्यांचे व्हील बोल्ट एम १४ बाय १.५ असतात, म्हणजे व्यास १४ मिलीमीटर आणि पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, १.५ मिलीमीटर, तसला एक स्वच्छ बोल्ट बोटाने फिरवला तर शेवटपर्यंत लोण्यासारखा गेला. म्हणजे नट एम १४ बाय १.५. इथे एक सांगून ठेवतो, काही जण स्पार्क प्लग घालून बघतात, तो पण १४ चाच असतो म्हणून, पण प्लगची पिच बहुतेक वेळा १.२५ असते, त्यामुळे त्याच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो आणि माणूस आणखी गोंधळतो.

१४ आणि १४.२९, फरक फक्त पाव मिलीमीटरचा. पिचचा फरक तर त्याहून कमी, एकाची १.५ आणि दुसऱ्याची १.४११. पण फरक साठत जातो. दहा आट्यांवर एकाचं अंतर १५ मिलीमीटर तर दुसऱ्याचं १४.१, जवळजवळ एक मिलीमीटर मागेपुढे. म्हणून असा नट पहिले एकदोन फेरे थोडा जड पण जातो, मग अडकतो, आणि अडकला की वाटतं की टाइट झाला. हे उलट बाजूने झालं, म्हणजे मेल, बाहेरच्या बाजूचे, आटे एम १४ चे आणि नट इंचाचा, तर आणखी फसवं, कारण तेव्हा सुरुवातीचे फेरे उलट सैल जातात, माणूस खूश होतो, आणि मग अचानक घट्ट. हातात पिच गेज नसेल तर सोपा उपाय आहे, एक ओळखीचा बोल्ट आणि शंका असलेलं फिटिंग, दोघांचे मेल आटे एकमेकांत अडकवून उजेडासमोर धरायचे. पिच एकच असेल तर दाते दात्यांत पूर्ण बसतात आणि उजेड येत नाही. नसेल तर एका टोकाला बसतात आणि दुसऱ्या टोकाला फट दिसते, साध्या डोळ्याला. आम्ही हे केलं आणि मित्राला पहिल्यांदा पटलं, तोवर तो "थोडं जोर लावून बसेल ना" याच पक्षात होता.

पण आटे जुळले असते तरी हा जोड गळलाच असता, आणि मला वाटतं बरेच लोक इथेच चुकतात. या प्रकारच्या जोडात आटे फक्त ओढून धरतात, पेट्रोल अडवायचं काम सीट करते. म्हणजे जिथे धातूवर धातू दाबला जातो तो कोन, किंवा वॉशर, किंवा ओ-रिंग. गाडीचा पाईप ८ मिलीमीटरचा, टोकाला कटिंग रिंग, म्हणजे पाईपला चावून पकडणारी स्टीलची कडी, बसवलेली, मागे एम १४ बाय १.५ चा नट. हा डिन म्हणजे जर्मन मानकाच्या पद्धतीचा, हायड्रॉलिकवाले ज्याला ८ एल म्हणतात तो जोड, आणि त्याची सीट २४ अंशांची. निळ्या ॲडॅप्टरचं नाक ३७ अंशांचं. आणि यातही गंमत अशी की २४ हा कोनाचा पूर्ण आकडा आहे, म्हणजे मध्यरेषेपासून एकेका बाजूला १२, आणि ३७ हा अर्धा आकडा आहे, पूर्ण कोन ७४. त्यामुळे कागदावर २४ आणि ३७ वाचून जेवढा फरक वाटतो त्याच्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त आहे. शिवाय एक बाहेर आलेलं टोक दुसऱ्या बाहेर आलेल्या टोकावर दाबलेलं. हा जोड कुठल्याच टेपने सील होणार नव्हता. चालू गाडीत साधारण ३ बार प्रेशर, तेवढ्यात टेप आणि सीलंट मिळून थोडं अडवत होते, बाकीचं झिरपत होतं, आणि गाडी थांबली की वारा नाही म्हणून वास येत होता.

टेफ्लॉन टेपबद्दल माझं मत कडक आहे. कोनाच्या सीटवाल्या, ओ-रिंगवाल्या किंवा वॉशरवाल्या जोडावर तिचं काही काम नाही. टॅपर म्हणजे निमुळते आटे असतील, अमेरिकन पाईपांच्या एनपीटीसारखे, तिथे आट्यांनाच सील करायचं असतं म्हणून तिथे पेट्रोलला चालणारं सीलंट लागतं, पण तिथेसुद्धा टेपचे तुकडे सुटून इंजेक्टरपर्यंत जायची भीती असते. कुठल्या फ्युएल जोडावर टेप दिसली की मी आधी असंच धरून चालतो की खालचं माप चुकलंय.

आता नव्या पंपाकडे. आउटलेट फिमेल, एम १२ बाय १.५, आणि तोंडाभोवती सपाट घासलेला गोल चेहरा. इनलेट एम १८ बाय १.५. ही जोडी अनोळखी नाही, बॉशचा ०४४ म्हणून जो पंप प्रसिद्ध आहे त्याचीही हीच मापं सांगितली जातात आणि त्या धर्तीचे बरेच पंप असेच येतात. आउटलेटभोवती सपाट चेहरा आहे याचा अर्थ इथे सील वॉशरवर होणार. हे बघणं महत्त्वाचं, कारण "एम १२ बाय १.५" एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस तुम्हाला ६ एलचं २४ अंशवालं फिटिंगही देऊ शकतो, त्याचेही आटे एम १२ बाय १.५ च असतात. ते बोटाने सुंदर आत जाईल, पान्याने घट्टही होईल, आणि गळेल. आटे तेच, सीट वेगळी.

म्हणून मागणी लिहिताना दोन्ही टोकांचं पूर्ण लिहिलं. एका बाजूला एम १२ बाय १.५ मेल, सपाट कॉलर, वॉशरने सील होणारा. दुसऱ्या बाजूला एम १४ बाय १.५ मेल, ८ एल, २४ अंशांची आतली सीट. स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नाही, कारण समोर स्टीलचा नट येणार आहे. गाड्यांच्या पार्टवाल्यांकडे हे असं मिळणं कठीण, पण हायड्रॉलिक फिटिंग विकणाऱ्यांसाठी हे रोजचं आहे, त्यांना ८ एल म्हटलं की ते दुसरं काही विचारत नाहीत. पंपवाल्या वेबसाइटवर मात्र तेच निळं ॲडॅप्टर पंपासोबत "हे पण घ्या" म्हणून दाखवत होते. मित्राचं म्हणणं असं की मग सगळी लाईनच डॅश सिक्सची करून टाकू ना, दिसायला पण भारी. करता येईल, पण मग मधला स्टीलचा पाईप काढून पंपापासून फिल्टरपर्यंत नवी होज टाकावी लागेल, कारण डॅश सिक्स म्हणजे ६/१६ इंच, म्हणजे ३/८, म्हणजे ९.५२ मिलीमीटरचा पाईप, त्याच्या स्लीव्हमध्ये आपला ८ चा पाईप खडखडणार. कंपनीचा धडधाकट पाईप काढून जास्त जोड असलेली व्यवस्था लावण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. प्रत्येक जोड म्हणजे गळायची एक जागा.

त्याने आणखी एक वस्तू आणून ठेवली होती, प्लास्टिकचा क्विक कनेक्टर, ७.८९ लिहिलेला. तर्क असा की ८ चा पाईप, ७.८९ चा कनेक्टर, खटकन बसेल. हे माप ५/१६ च्या लाईनचं, आणि नंतरच्या काळातल्या गाड्यांत ते सर्रास सापडतं, तिथे उत्तम चालतं. पण क्विक कनेक्टर ज्या टोकावर बसतो ते टोक खास बनवलेलं असतं, थोडं मागे एक उंचवटा असतो, त्याच्या मागे कनेक्टरची क्लिप अडकते, आणि ती "खट" त्याचीच असते. साध्या कापलेल्या पाईपवर एक तर तो जाणारच नाही, आणि घासूनपुसून घातलाच तर आतल्या ओ-रिंगा कदाचित सील करतीलही, पण धरून ठेवायला काहीच नाही. ३ बारला तो कधी निघेल ते सांगता येत नाही आणि निघाला तर खाली गरम सायलेन्सर आहे. कनेक्टर परत डब्यात.

आता इनलेट, आणि किंचाळण्याचं उत्तर इथे होतं. टाकीतून येणारी होज १२ मिलीमीटरची. आधीच्या पंपाचं इनलेट त्याच एम १८ चं, पण कारागिराला त्या आट्यांचं मोठं निपल, म्हणजे होज चढवायचं नळीसारखं टोक, मिळालं नसावं, त्याने दोन ॲडॅप्टर एकमेकांत जोडून शेवटी ८ चं निपल काढलेलं आणि १२ ची होज त्याच्यावर क्लिपने आवळून आवळून सुरकुत्या पाडून बसवलेली. असे पंप ढकलण्यात पटाईत असतात आणि ओढण्यात कच्चे. ओढण्याच्या बाजूला वाट अरुंद झाली की तिथला दाब कमी होतो, पेट्रोलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, ते पंपात जाऊन फुटतात, आणि तो आवाज येतो. टाकी भरलेली असली की वरच्या पेट्रोलच्या वजनाची मदत होते म्हणून आवाज कमी, टाकी उतरली की जास्त, अगदी मित्र सांगत होता तसंच. शिवाय पंप पेट्रोलनेच थंड होतो आणि पेट्रोलच त्याचं वंगण, तेव्हा बुडबुडे गिळत चाललेला पंप लवकर मरणारच. पंपाला दोष देत दुसरा पंप आणला होता, तोही याच निपलवर लावला असता तर त्याचंही हेच झालं असतं.

आणि ओढण्याच्या बाजूची गळती बाहेर दिसतेच असं नाही, हे पण लक्षात ठेवा. पंप चालू असताना तिथून पेट्रोल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाऊ शकते. खाली वाकून बघितलं तर सगळं कोरडं, म्हणून जोड चांगला असं म्हणायचं नाही. इथे एम १८ बाय १.५ मेल, वॉशरने सील होणारं, १२ चं एकच निपल लावलं, मध्ये काही नाही. होज नवी घेतली. होजवर काय छापलंय ते वाचायची सवय लावून घ्या, एसएई जे ३० हे फ्युएल होजचं अमेरिकन मानक, त्यातली आर ७ म्हणजे कमी प्रेशरची, कार्ब्युरेटर आणि व्हेंटच्या कामाची, आर ९ म्हणजे इंजेक्शनच्या प्रेशरची, आणि पंप टाकीच्या आत असेल तर आतली होज आर १० लागते, कारण ती बाहेरूनही पेट्रोलात बुडलेली असते. आर ९ ची होज टाकीत टाकली की बाहेरचं रबर फुगतं आणि सोलून निघतं, आतून कितीही चांगली असली तरी. क्लिप पण इंजेक्शनसाठीची, वळवलेल्या कडांची घेतली. भोकं पाडलेल्या पट्टीच्या क्लिपने होजच्या रबरात दात उमटतात, जुन्या होजवर ते उमटलेले होतेच.

लावताना नवीन तांब्याचे वॉशर. जुना वॉशर एकदा दबला की दबला, तो परत वापरायचा मोह टाळायचा. ॲडॅप्टर पंपात घट्ट करताना पंपाच्या तोंडाला दुसरा पाना लावून धरायचा, नाहीतर पंपाचं डोकंच फिरतं. मग पाईपचा नट. त्याआधी पाईपच्या टोकाची कटिंग रिंग बघितली, नखाने चाचपली, ॲल्युमिनियमचा भुगा पुसून काढला, त्या कोनावर मार्करने काळं फासलं, नट हाताने आणि मग थोडासा पान्याने घट्ट केला आणि परत उघडला. काळ्या रंगात पूर्ण गोल चकचकीत रेघ उमटली होती, कुठे तुटलेली नाही. रिंग वाचली होती, कारण ती स्टीलची आणि आधी समोर मऊ ॲल्युमिनियम होतं. रेघ अर्धवट आली असती तर पाईपचं टोक कापून नवीन रिंग बसवावी लागली असती, आणि पाईपला तेवढी लांबी होती का हा वेगळा प्रश्न झाला असता. शेवटचं घट्ट करताना नट हाताने थांबेपर्यंत, मग पान्याला जोर लागायला लागला की तिथून थोडासाच. या जोडाला मल्लयुद्ध नको असतं.

तपासणी करताना गाडी लगेच चालू केली नाही. रिले जंपर करून, म्हणजे त्याच्या जागी वायर जोडून पंपाला थेट करंट देऊन, पंप थोडा वेळ चालवला, प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद, फिल्टरच्या पुढे प्रेशर गेज. पेट्रोल कागदावरून पटकन उडून जातं म्हणून पंप चालू असतानाच बघायचं. प्रेशर जिथे यायला हवं तिथे आलं, पंप बंद केल्यावर काटा हळूहळू उतरला पण धपकन पडला नाही. पंपाचा आवाज म्हणजे नुसती गुणगुण. मग गाडी चालवून, गरम करून, परत थंड झाल्यावर पुन्हा कागद. गरम होऊन थंड झाल्यावरची तपासणी लोक सोडून देतात, तापमानाने धातू हलतो आणि जो जोड काठावर असतो तो तेव्हाच उघडा पडतो. एम १४ चा नट किंचित आणखी घेतला, वॉशरवाले जोड जसेच्या तसे होते.

वास मात्र पहिले काही दिवस थोडा येत राहिला आणि मित्र घाबरला. जोड कोरडे होते. पंपाभोवतीचं रबरी पॅडिंग इतके दिवस झिरपलेल्या पेट्रोलने भिजलेलं होतं, ते काढून धुवून वाळवलं तेव्हा गेला. तेव्हाच रिटर्न लाईनची होज पण वाकवून बघितली, वर आर ७ छापलेलं, आणि वाकवल्यावर बारीक भेगा. रिटर्नला प्रेशर कमी असतं त्यामुळे आर ७ तिथे लगेच धोक्याची होती असं नाही, पण भेगा पडलेली होज कुठल्याही ग्रेडची असो बदलायचीच, आणि आर ९ ची पुरेशी लांबी उरलेली होती, मग तीच लावून टाकली.